गाऱ्हाण्यातला पासवर्ड

लालबागच्या आमच्या चाळीत कुलूप ही गावाला जाताना वापरायची वस्तू होती. तीही अशी, की कुलूप लावायचं आणि चावी शेजारी द्यायची. मग कुलूप नेमकं कोणासाठी लावलं, हा प्रश्न कोणाला पडत नसे. दिवसाढवळ्या एखाद्या खोलीचं दार आतून लोटलेलं दिसलं तर त्याचे दोनच अर्थ निघायचे. आत भांडण चाललंय, किंवा आत मटण शिजतंय आणि वाटेकरी नकोत. दोन्ही वेळा लोक दार वाजवायचे.

अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला पन्नाशीच्या आसपास सांगण्यात आलं, की तुमचा पासवर्ड बायकोलासुद्धा सांगू नका. मी बायकोला सांगितलाही नाही. शेजारच्या सुनेला सांगितला.

त्यात माझा काही वाईट हेतू नव्हता. फोर्टातल्या एका कचेरीत मी कारकून होतो. कचेरीने प्रत्येकाला ईमेल दिला तेव्हा मी माझं नाव आणि त्यापुढे एक-दोन-तीन-चार असा पासवर्ड ठेवला, आणि संस्काराप्रमाणे तो शेजारी नेऊन दिला. उद्या मला ताप आला, गावाला जावं लागलं, तर कोणाला तरी ठाऊक हवा. शेजारच्या सुनेनेही तो शेजारच्या चावीसारखाच सांभाळला, म्हणजे गरज पडेल तेव्हा उघडून आत डोकावू लागली. एके दिवशी सकाळी नळावर मी बादली लावून उभा होतो, तर ती म्हणाली, "भावजी, आता तुम्हाला डबा लवकर लागणार."

"का गं?"

"ठाण्याला बदली झाली ना तुमची."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या मेलवर आलंय की. मी आमच्या ह्यांचं गावचं तिकीट काढायला उघडला होता. एवढं इंग्लिश येतं मला."

नळावरच्या सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. बदलीची बातमी सर्वांत शेवटी मला आणि त्याआधी बायकोला कळली, आणि इतकी मोठी गोष्ट मी तिच्यापासून लपवली म्हणून ती माझ्याशी बोलेना. मला माहीतच नव्हतं, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

एवढं होऊनही मी सुधारलो नसतो. पण पुढे प्रश्न आईच्या घराचा आला.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संप झाला तेव्हा मी नववीत होतो. संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. तो कापडासारखा विरत विरत गेला. वडिलांनी पुढे वॉचमनकी केली, परळला एका दुकानात मापं घेतली, आणि एक दिवस गेले. गिरणीच्या जागेवर काचेचे टॉवर उभे राहिले. त्याच जमिनीच्या एका कोपऱ्यात जुन्या कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना घरं द्यायची, त्यासाठी सोडत काढायची, असं ठरलं. आईने वारस म्हणून अर्ज केला. तिला हॉल नको होता, गॅलरी नको होती, विसाव्या मजल्यावरून दिसणारा समुद्र तर मुळीच नको होता. तिला घरातल्या घरात संडास हवा होता. गुडघे गेलेले, हातात डबा, चाळीच्या टोकापर्यंत भिंतीला धरून चालायचं आणि तिथे रांगेत उभं राहायचं. एवढी एकच गोष्ट तिने उभ्या आयुष्यात सरकारकडे मागितली.

अर्ज ऑनलाइन. आपापला अर्ज भरून घ्यायला आई आणि शेजारचे काका एकदमच आले. हे काका म्हणजे साचेखात्यात वडिलांच्या बाजूच्या साच्यावर उभे राहणारे आणि चाळीत आमच्या दुसऱ्या बाजूच्या खोलीत राहणारे. त्यामुळे वडिलांचा शेजार त्यांना चोवीस तास होता. चाळीतला पहिला टेलिफोन त्यांच्याकडे आला. तेव्हापासून चाळीतल्या प्रत्येकाच्या अर्जावर, लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या बायोडाटावर त्यांचाच नंबर आणि पुढे कंसात पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्याचा, असं असायचं. कोणाचा जन्म, कोणाचं मरण, कोणाची मुलाखत, सगळं काकांच्या फोनवर येई आणि काका ते खणखणीत आवाजात पूर्ण मजल्याला वाचून दाखवत. पुढे टेलिफोन जाऊन मोबाइल आला, तरी चाळीचा नंबर काकांचाच राहिला. अर्जात मोबाइल नंबरचा रकाना आला तसं मी आईला विचारलं, "माझा घालू?"

"तुझो दर वर्साक बदालता. भावजींचो घाल. तो बदलूचो नाय."

मी घातला. काकांनी मान डोलावली. मी पी.पी. पण लिहिणार होतो, पण रकान्यात जागा नव्हती.

आता पासवर्ड. त्या दिवसांत चाळीत अफवा होती, की दलाल लोक कामगारांच्या फायली ऑनलाइन उघडून वारस बदलतात. खरं-खोटं देव जाणे, पण माझी झोप उडाली. नेमकं त्याच सुमारास कचेरीत एका तरुण मुलीने आम्हा सगळ्या पिकल्या केसांना बसवून शिकवलं. ती म्हणाली, "सर, घरच्यांची नावं नको, जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको."

मी म्हणालो, "गाडीच नाही."

"मग उत्तम. असं एक वाक्य घ्या जे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी आठवेल. त्यातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्या. काही मोठ्या लिपीत, काही लहान, मधे आकडे आणि चिन्हं. आणि आठवणार नसेल तर पासवर्ड सांभाळणारं ॲप मिळतं, त्यात ठेवा. त्याला एकच मोठा पासवर्ड लागतो."

"म्हणजे चावी ठेवायला कपाट घ्यायचं, आणि त्या कपाटाची चावी डोक्यात ठेवायची?"

"तसंच काहीसं, सर."

"मग पहिलीच डोक्यात ठेवली तर?"

सगळे हसले. ती मुलगी हसली नाही. तिच्या नजरेत तेव्हा जी दया होती तिचा अर्थ मला पुढे लागला.

मी वाक्य शोधायला लागलो. शाळेतली प्रतिज्ञा घ्यावी तर ती सगळ्या देशाला पाठ. आरती घ्यावी तर तिच्यातले निम्मे शब्द मी लहानपणापासून नुसते तोंड हलवून ढकलतो. मग एकदम सुचलं: गाऱ्हाणं. आम्हा कोकणातल्या लोकांत देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवाशी गावच्या खोतासमोर बोलावं तसं मालवणीत बोलतो, काय झालं, काय हवं ते सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकी सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या चाळीच्या गणपतीपुढे हे काम शेजारचे काकाच करायचे. मी ते जन्मापासून ऐकत आलेलो. झोपेतून उठवलं तरी "व्हय म्हाराजा" बरोबर जागेवर म्हणणारा माणूस मी.

त्या वर्षीचा गणपती नुकताच बसला होता. गाऱ्हाणं कानात ताजं होतं. मी त्यातलं पहिलं लांबलचक वाक्य घेतलं, शब्दाशब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजीत उतरवलं, खोलीचा नंबर घातला, आणि नारळाच्या जागी ॲट द रेटचं चिन्ह दिलं, कारण ते मला सोललेल्या नारळासारखं दिसतं. पडद्यावर एक हिरवी पट्टी उजळली आणि शब्द आले: अतिशय मजबूत. मला कोणी मजबूत म्हणण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ. मी ते आईला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "बरा. आता जेव."

पासवर्ड कुठे लिहिला नाही, कोणाला सांगितला नाही. उलट मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होतो. अख्खी चाळ दर वर्षी देवासमोर उभी राहून माझा पासवर्ड मोठ्याने ऐकणार, त्याला होकारही देणार, आणि कोणाला पत्ता लागणार नाही. त्यानंतर दर गणपतीला काका गाऱ्हाणं घालू लागले की मी गालातल्या गालात हसायचो. ऐकत मात्र नव्हतो. "व्हय म्हाराजा" म्हणणारा माणूस गाऱ्हाणं ऐकत नसतो. तो श्वास कुठे तुटतोय त्याची वाट पाहत असतो.

सोडत निघाली. आईचं नाव लागलं. काकांचं नाव प्रतीक्षा यादीत आलं. चाळीत पेढे आले, फटाके आले. काका आमच्या दारात आले आणि म्हणाले, "वैनी, बरा झाला." मग आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी त्यांचा टीव्ही लागला नाही. एरवी तो इतका मोठा लावलेला असतो की आमच्या खोलीत टीव्हीची गरज पडत नाही.

पुढची पायरी अशी, की ठरलेल्या मुदतीत खात्यात शिरून "घर स्वीकारते" असं नोंदवायचं. नाही नोंदवलं तर घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला.

मी मोबाइल घेऊन ऐटीत बसलो. आई समोर पाटावर. मी मनात गाऱ्हाणं म्हणू लागलो आणि अक्षरं टाकू लागलो. पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा म्हटलं. चुकीचा आहे. "बा देवा म्हाराजा" इथपर्यंत गाडी व्यवस्थित यायची. त्यापुढे "आज जो काय हो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो हा" होतं, की "आज ह्या शुभ दिवसाक तुझी सगळी लेकरां" होतं? दोन्ही बरोबर वाटत होती. दोन्ही मी शेकडो वेळा ऐकली होती. तिसरंही एक आठवायला लागलं. साइटने खातं काही वेळापुरतं बंद केलं.

"काय झाला?" आईने विचारलं.

"काही नाही. नेट नाही."

मी "पासवर्ड विसरलात?" वर बोट दाबलं. नोंदवलेल्या मोबाइलवर कोड पाठवला आहे, असं आलं. माझा फोन गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. चिडून आणखी बऱ्याच वेळा दाबलं. मग पडद्यावर त्या मोबाइलचे शेवटचे आकडे दिसले. ते आकडे चाळीतलं शेंबडं पोरही ओळखतं. ते काकांचे होते.

आता खरं तर उठून पाच पावलं चालायचं आणि काकांना म्हणायचं, काका, कोड द्या. पण मी शिकलेला माणूस. शिकलेल्या माणसाला आधी संशय येतो. आम्ही चुकलो तर घर यादीतल्या पुढच्याला जाणार, आणि काका यादीत. ज्या माणसाला घर लागलं नाही, त्याच्याकडेच जाऊन, आमच्या घराची किल्ली द्या, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि म्हटलं, आणि त्यांनी "फोन बिघडलो हा" म्हटलं तर?

म्हणून मी ठरवलं, पासवर्डच आठवायचा. मी चाळभर फिरून लोकांना विचारू लागलो, की अर्जाच्या वर्षी काकांनी गाऱ्हाणं काय घातलं होतं? कशाला, असं कोणी विचारलं की पासवर्डसाठी त्याची अक्षरं हवी आहेत, असं सांगून टाकायचो.

कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा म्हणाले, "त्या वर्षी? रॉकेल मागितलं होतं."

"रॉकेल फार जुनं. त्यानंतरचं."

"मग पोरांना नोकऱ्या."

शेजारची सून म्हणाली, "भावजी, त्या वर्षी त्यांनी एस.टी.च्या गाड्या वाढव म्हटलं होतं. आमचं तिकीट मिळालं नव्हतं ना, म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना."

वरच्या मजल्यावरचा एकजण म्हणाला, "ते सोड, संपाच्या वर्षी काय गाऱ्हाणं झालं होतं. गिरणीचा भोंगा परत वाजू दे म्हणून. आणि आपण 'व्हय म्हाराजा' असं ओरडलो, की खालचा पानवाला दुकान बंद करून पळाला. त्याला वाटलं मोर्चा आला."

तिथे, जिन्यात उभं असताना, मला समजलं. गाऱ्हाणं कधीच पाठ नसतं. भोंगा, रॉकेल, नोकऱ्या, एस.टी., घरं. ज्या वर्षी जे नाही ते. मी दर वर्षी हजर होतो, दर वर्षी प्रत्येक मागणीला होकार दिला होता, आणि समजत होतो की दर वर्षी एकच चालू आहे.

घरी आलो तर आईपर्यंत बातमी पोचली होती. चाळीत चौकशी करणं म्हणजे दवंडी पिटणंच.

"चावी हरवलंस काय?"

"चावी नाही, आई. पासवर्ड."

"मग दुसरी करून घी. मार्केटात चाव्येवालो बसता."

"तो हे करत नाही. त्याचा कोड काकांच्या फोनवर येतो."

"मग भावजींका सांग."

मी आवाज खाली आणला. आमच्या चाळीत आवाज खाली आणला की शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद होतो, म्हणून आणखी खाली आणला. "आई, ते यादीत आहेत. आपलं गेलं तर कदाचित त्यांना मिळेल."

"तू तेंच्या मांडयेर वाढलंस. लाज नाय वाटत?"

"वाटते. म्हणून तर जात नाही."

"मरांदेत तुझी लाज. माझे गुडघे लाजेन बरे होवचे नाय."

मधले दिवस मी अशाच पराक्रमात घालवले. एकदा सोडत काढणाऱ्या कार्यालयातही जाऊन आलो. तिथला शिपाई म्हणाला, सगळं ऑनलाइन आहे, साहेब, आम्हालापण आत जाता येत नाही. शेवटी मुदतीचा दिवस उजाडला. संध्याकाळी साइटवरची नोंद बंद होणार होती. तरीही सरळ जाईन तर तो मी कसला. दुपारी काकांकडे गेलो. ते बाकावर आडवे होते, बंडीच्या खिशात मोबाइल.

"काका, घराचं काम आहे. एक गाऱ्हाणं घालाल?"

"घालतंय की."

"त्या अर्जाच्या वर्षी घातलं होतंत ना, अगदी तेच घाला. शब्दाला शब्द."

काका उठून बसले. "गाऱ्हाणा म्हणजे काय रेकॉर्ड आसा? सुई ठेवली आणि वाजला?"

"आठवेल तसं."

"समोर देव होयो. हातात नारळ होयो. मग तोंडात येता ता खरा." ते थांबले. "दुसरा काय काम नाय ना माझ्याकडे?"

"नाही."

"बरा."

आईने नारळ काढला. आमच्या जिन्याखाली एक शेंदरी मारुती आहे. त्याच्यापुढे माणसं जमली, बोलावलेली आणि न बोलावलेली. मी एका हातात मोबाइल उघडून ठेवला, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर टिपायच्या तयारीत. आई पायरीवर बसली. काकांनी टोपी घातली, नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या भर दोपारी तुका हाक मारूची पाळी कित्याक इली, ता तुका म्हायत आसा. नसात तर मी सांगतंय."

"व्हय म्हाराजा."

"ह्या आमच्या शिकल्या-सवरल्या झिलान आवशीच्या घराक कुलूप घातल्यान."

मी टिपत होतो. मग 'झील' म्हणजे मी आणि 'आवस' म्हणजे माझी आई हे लक्षात आलं, आणि हात थांबला.

"व्हय म्हाराजा."

"कुलूप असा घातल्यान, की चोराक उघडूक येवचा नाय. आणि घातल्यान तेका पण येवचा नाय."

"व्हय म्हाराजा." मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"तुझ्या गाऱ्हाण्याची अक्षरां चोरून कुलपाक लायल्यान. तुका इचारूक नाय, माका इचारूक नाय."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या फोनार आकडे इले, आणि परत इले. मी म्हटलंय, आज मागीत, उद्या मागीत. फोन उशाक घेवन निजलंय. पण हो मागुक येना नाय. माझ्या दारावरसून जाता, वरच्या माळ्यार जाता, खालच्या माळ्यार जाता, सगळ्या चाळीक इचारता, आणि माका बघल्यार मान खाली घालता."

"व्हय म्हाराजा."

"तेका वाटता, म्हाताऱ्याक घर लागूक नाय, तर म्हाताऱ्याच्या पोटात दुखता."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात एक आवाज माझा होता. श्वास तुटला आणि तोंडातून निघून गेलं. सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. काकांनीही एक डोळा उघडून पाहिलं.

"मान्य केल्यान, म्हाराजा," ते देवाला म्हणाले. "तर आता काय वाकडा-वंगाळ झाला आसात ता पायाखाली घाल. वैनीक घर दी. आणि ह्येका अक्कल दी. घर आजच दी. अक्कल सवडीन दिलंस तरी चलात."

"व्हय म्हाराजा." इतका जोरदार होकार मी त्या चाळीत फार वर्षांनी ऐकला.

नारळ फुटला. काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. "हे घी. सगळे ठेवलंय."

"काका, हे आता चालणार नाहीत. लगेच शिळे होतात."

"मासळीपेक्षा वायट."

मी नवा कोड मागवला. त्यांच्या फोनवर टुण्ण वाजलं. त्यांनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि ज्या आवाजात ते लोकांना टेलिफोनवर बोलवायचे त्याच आवाजात एकेक आकडा वाचला. तरुण मुलीने शिकवलं होतं, की हा कोड कोणालाही सांगू नका. तो तीन मजल्यांना कळला. कोड चालला. पडद्यावर आलं: नवीन पासवर्ड टाका.

मी मोबाइल छातीशी धरला आणि आजूबाजूला पाहिलं. अख्खी चाळ वाकून माझ्या बोटांकडे बघत होती.

"तोंडा फिरवा सगळ्यांनी," काका म्हणाले.

कोणाला समजेना.

"तोंडा फिरवा म्हणतंय ना. गुपित आसा ता."

आणि लोक खरंच फिरले. कोणी मारुतीकडे, कोणी भिंतीकडे, शेजारची सून पदर तोंडावर घेऊन जिन्याकडे. जिथे माझ्या बारशापासून माझ्या मूळव्याधीपर्यंत काहीही कोणापासून लपलेलं नाही, तिथे लोकांच्या पाठी बघून मला काय टाकावं ते सुचेना. पुन्हा एकदा मजबूत व्हायची माझी हिंमत नव्हती.

आई म्हणाली, "हडे ये. घर माझा, तर चावी माझी. मी सांगतंय ता घाल." तिने माझा कान ओढून जवळ घेतला आणि कुजबुजली. आईची कुजबुज गिरणी कामगाराच्या बायकोची. तिच्या नवऱ्याला साच्यांच्या आवाजाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिची कुजबुज जिन्यापर्यंत सहज जाते. सगळ्या पाठी तशाच उभ्या होत्या. दोन-तीन पाठी मात्र हसू दाबत हलत होत्या. आईने काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. तसाही तो आता फक्त चाळीलाच माहीत आहे. लांब होता, हिरवी पट्टीही आली, आणि आईला तो विसरणं शक्य नव्हतं.

घर स्वीकारते. बटण दाबलं. नोंद झाली, असं आलं. मी ते मोठ्याने वाचलं, आणि पाठी पुन्हा तोंडं झाल्या.

आईने पायरीवरून उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी साथ दिली नाही, ती परत बसली आणि खोबऱ्याचे तुकडे करू लागली. माणसं पांगू लागली. काका तिथेच उभे, टोपी हातात.

"वैनी," ते म्हणाले, "एक सांगूचा आसा. मी त्या घरांच्या हापिसात जावन इलंय."

"कित्याक?"

"इचारूक. तुमचा चुकला तर ता माका मेळात काय, म्हणान."

मी मोबाइलमध्ये उगाच काहीतरी बघू लागलो. आईचा हात खोबऱ्यावर थांबला.

"मग काय म्हणालो तो?"

"म्हणालो, आजोबा, तुमचो नंबर लय खाली आसा. वैनी, तुमच्या नव्या घराच्या लिफ्टीतना गेलंय तरी पोचूचंय नाय, इतको खाली."

आईने सुरी बाजूला ठेवली. "आणि मेळता म्हणालो असतो तर? आकडे दिले असतात?"

खोटं बोलायचं असतं तर उत्तर लगेच आलं असतं. काकांनी टोपी झटकली, मारुतीकडे पाहिलं, मग आईकडे.

"दिलंय असतंय, वैनी. पण गाऱ्हाणा जरा लांबवलंय असतंय."

आईला हसू फुटलं. हसता हसता तिने डोळे पुसले, वाटीतला सर्वांत मोठा तुकडा उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"खावा," ती म्हणाली. "आणि हेच्यापुढे लांबवूचा आसात तर आधी माका खुर्ची आणून दिवा. पायरेर बसान पाय दुखतत."

काका खोबरं चावत आपल्या खोलीत खुर्ची आणायला गेले.